दुसरा हुंकार

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर ते कुणाला खरं वाटणार नाही. नुसता शिकवत नाही. गणपती मंडळाच्या मांडवात 'भुताटकी : एक भ्रम' या विषयावर मी लागोपाठ तीन वर्षं व्याख्यान दिलेलं आहे. तिसऱ्या वर्षी शाल-श्रीफळसुद्धा मिळालं. नारळ नासका निघाला, तो भाग वेगळा. असा हा मी, २००४ सालच्या ऑक्टोबरात, झाडाच्या एका सालपटापायी जुन्नरपासून आहुप्यापर्यंत वणवण हिंडलो. लोक अजून विचारतात. विचारतात म्हणजे हसतात.

याचं मूळ 'मौनवनाची गाथा' या कादंबरीमालेत आहे. सात भाग. ज्यांनी वाचले नाहीत त्यांचा मला राग येत नाही, कीव येते. मौनवन हे असं अरण्य, की तिथे गेलेला आवाज परत येत नाही. हाक मारा, शिंका, ते गिळून टाकतं. हरवलेल्या भावाला शोधायला तमालिका नावाची मुलगी त्यात शिरते आणि तिची वाचा जाते. सहाव्या भागाच्या शेवटी ती अरण्याच्या कडेला, अगदी शेवटच्या झाडाखाली उभी आहे, बाहेर पडायला एक पाय उचललाय, आणि तिथेच 'सातवा भाग येत्या दिवाळीत' असं छापलंय. कुठल्या दिवाळीत ते छापलेलं नाही. सात वर्षं गेली. मी प्रकाशकाला चौदा पत्रं लिहिली. एकदाच उत्तर आलं, तेही 'आधुनिक शेळीपालन' या पुस्तकाच्या जाहिरातीचं.

ही माला मी एकटा वाचत नव्हतो. आमच्या गावच्या वाचनालयात (गाव मंचर-घोडेगाव रस्त्यावर आहे, नाव सांगत नाही, कारण चिटणीस अजून तेच आहेत) कोंडाबाई झाडलोट करायच्या, कपाटं पुसायच्या, आठ वाजता कुलूप लावायच्या. तीस वर्षं पुस्तकांत काढली, पण बाईंना अक्षर येत नव्हतं. एके दिवशी मी पहिला भाग वाचताना एकटाच हसलो. त्या झाडू घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"एकलंच काय हसताय, सर? मोठ्यानं वाचा की. आमालाबी कान हायेत."

तेव्हापासून ठरूनच गेलं. सात वाजता वर्तमानपत्रवाले निघून गेले की मी वाचायचं आणि कोंडाबाईंनी खिडक्या लावत ऐकायचं. त्यांचा एक नियम होता. गोष्ट सांगणाऱ्याला प्रत्येक वाक्याला 'हं' मिळालाच पाहिजे. 'हं' नसेल तर गोष्ट सांगणाऱ्याच्या अंगाशी येते, असं त्यांच्या आईचं म्हणणं. बाईंचा 'हं' मोठा खणखणीत. कंटाळवाण्या वर्णनाला आखूड, लढाईला लांबलचक, आणि तमालिकेवर संकट आलं की नाकातून निघणारा ओला 'हं'. सहा भाग आम्ही असे तीनदा वाचले. सातव्याची वाट माझ्याइतकीच त्याही बघत होत्या.

"त्या पोरीनं पाय उचललाय, त्यो सात वरीस खाली ठिवला न्हाई," त्या म्हणायच्या. "मांडीत गोळं आलं असत्याल तिच्या."

आता सालपट. सप्टेंबरात मी नववीची मुलं घेऊन वनस्पती-निरीक्षणाला आहुप्याला गेलो. निरीक्षण हे निमित्त. मौनवन म्हणजे आहुप्याची देवराईच, असा माझा अकरा वर्षांपासूनचा सिद्धांत होता आणि मला तो जागेवर तपासायचा होता. वाट दाखवायला जानकू नावाचा तिथलाच गडी होता. राईच्या तोंडाशी त्यानं सगळ्यांना थांबवलं.

"सर, पोरास्नी सांगून ठिवा. हितनं काय न्यायचं न्हाई. वाळकी काडी बी न्हाई. पडलेलं बी देवाचंच."

मी मुलांना दहा मिनिटं बजावलं. जैवविविधता वगैरे सांगितलं. दोन पोरींना खिशातल्या बिया परत टाकायला लावल्या. आणि मग आत, एका खोडाला टेकून, बरोबर आणलेला सहावा भाग उघडून शेवटची पानं जागेवर ताडून पाहिली. दाट सावली होती, खाली ओला पालापाचोळा, आणि चाळीस पोरं असूनही आवाज कसा तो नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा, असं मी तेव्हा समजलो. जानकूनं हाक मारली. मी सवयीनं हाताला लागेल ते खुणेला घालून पुस्तक मिटलं. माझी ही सवय घरी प्रसिद्ध आहे; गॅसची पावती, एसटीचं तिकीट, एकदा तर हिचा कंगवासुद्धा मी खुणेला घातलाय. त्या दिवशी हाताला लागलं ते बोटभर रुंदीचं, चपटं, गुळगुळीत सालपट. पुस्तक दुसऱ्या दिवशी वाचनालयात जमा केलं आणि विसरलो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सातवा भाग आला. खरोखर आला. त्याच दिवशी कोंडाबाईंनी दुसरी बातमी दिली. त्यांच्या मुलाला, प्रबुद्धला, पिंपरीत घर मिळालं होतं. तीस तारखेला तो आईला कायमची घेऊन जाणार होता.

"तीसच्या आत पोरीचा पाय खाली यायला पायजे," त्या म्हणाल्या. "तिकडं मला कोन वाचून दाखवनार? प्रबुद्धला कारखान्यातनं आल्यावर जेवायचं भान नसतं. त्यो का मला गोष्टी सांगंल?"

हसत म्हणाल्या, पण डोळे पुसले. तेरा प्रकरणं, तेवीस दिवस. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

पहिल्या संध्याकाळी मी पहिलं वाक्य वाचलं. कोंडाबाई म्हणाल्या, "हं." आणि लगेच मागून, कपाटाच्या पलीकडून, कुणीतरी म्हणालं, "हं."

मी थांबलो. "बाई, दोनदा का म्हणताय?"

"मी एकदाच म्हनते. माझी काय एवढी हौस न्हाई."

प्रतिध्वनी, मी म्हटलं. रिकाम्या खोलीत ध्वनी परावर्तित होतो, आठवीच्या पुस्तकात धडा आहे. फक्त गेली अकरा वर्षं तो त्याच खोलीत परावर्तित झाला नव्हता, आणि आजही बाईंच्या खणखणीत 'हं'चा हा असा बारीक, दबलेला, पानावरून पाणी ओघळावं तसा कसा झाला, याचं उत्तर धड्यात नव्हतं. कपाटामागे जाऊन पाहिलं. भिंत होती आणि जुने दिवाळी अंक होते. मी पुढचं वाक्य वाचलं. दोन हुंकार. त्याच्या पुढचं वाचलं. दोन.

"कुनी का आसंना," कोंडाबाई म्हणाल्या. "ऐकतंय गुमान. तुमी वाचा."

मी वाचत राहिलो. पण रोज तो दुसरा 'हं' थोडा जवळ यायला लागला. तिसऱ्या प्रकरणाला कपाटाअलीकडे आला, सहाव्याला टेबलाखाली, नवव्याला माझ्या खुर्चीच्या पाठीशी. तोवर त्याला गोष्टही चांगलीच कळायला लागली होती. तमालिका रडली की तोही लांबवायचा. बाराव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मी वाचलं, आणि तो 'हं' माझ्या उजव्या कानात आला. गार वारा आल्यासारखं झालं, ओल्या पाचोळ्याचा वास आला. मी पुस्तक मिटून काखेत मारलं, चप्पल हातात घेतली आणि घरी आलो. धावत नव्हतो, झपाझप चालत होतो. गावात मात्र 'सर पळत होते' असंच पसरलं.

स्नेहलला, म्हणजे माझ्या पत्नीला, सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. "ऐकतंय ना कुणीतरी तुमचं? मग तक्रार कसली? माझं तर तेही कुणी करत नाही," ती म्हणाली.

मी शास्त्रीय पद्धतीनं जायचं ठरवलं. शेवटचं प्रकरण मनातल्या मनात वाचून काढायचं आणि कोंडाबाईंना तोंडी सांगायचं. ओठ घट्ट मिटले, पहिल्या वाक्यावरून नुसती नजर फिरवली. पूर्णविरामाशी पोचलो आणि कानात आलं, "हं."

स्नेहलच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. तिनंही ऐकलं होतं.

मग मी गॅसची पावती मोठ्यानं वाचली. काही नाही. अग्रलेख वाचला, चिडीचूप. न्यूटनचे नियम वाचले. त्याला माझ्या वर्गातही कुणी 'हं' म्हणत नाही, त्यामुळे त्यातून काही सिद्ध झालं नाही. सातव्या भागाचं एक वाक्य वाचलं, की हजर. म्हणजे जे काही होतं, त्याला आवडनिवड होती. या विचारानं मला धीर यायला हवा होता, उलट हातपाय गार पडले.

शेजारच्या लंकाबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. त्या आणि त्यांचे यजमान गेणभाऊ लगेच आले. बोलावलं नव्हतं.

"सर, भाईरनं काय आनलंय का घरात?" लंकाबाईंनी विचारलं. "आठवा बरं नीट."

आठवता आठवता मी राईपाशी आलो आणि गप्प झालो. माझं तोंड बघून गेणभाऊंनी कपाळाला हात लावला.

"आहुप्याच्या राईतनं? अवो, आमच्या साडूनं तिथनं दात कोरायला काडी आनली व्हती. नुसती काडी! म्हैना न्हाई झाला, समोरचं चार दात गेलं. आता भाकर कुस्करून खातोय."

"पायरिया असेल," मी म्हणालो.

"आसंल की. पन काडी आनायच्या आदी नव्हता ना?"

यावर 'भुताटकी : एक भ्रम' मध्ये उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकात तीन जणांनी माझ्या दातांची चौकशी केली.

सालपट परत ठेवायचं एवढं नक्की झालं. श्रद्धा म्हणून नव्हे, प्रयोग म्हणून, असं मी स्वतःला बजावलं. पण सालपट सहाव्या भागात, आणि सहावा भाग कुठे? चिटणीस कुंडलिकरावांनी सातवा आल्याच्या आनंदात पहिले सहा भाग बांधणीला जुन्नरला पाठवलेले. संच एकसारखा दिसावा म्हणून.

"बांधणीला गेलेलं पुस्तक वाचनालयात नसतं आणि बाहेरही नसतं," कुंडलिकराव म्हणाले. "ते मार्गस्थ असतं. मार्गस्थ ग्रंथाला हात लावायचा तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. अर्ज करा."

मी अर्ज केला. 'सदर ग्रंथात माझी वैयक्तिक वस्तू राहिली आहे.' अर्ज परत आला : वस्तूचे वर्णन लिहावे. मी लिहिलं, 'झाडाचे सालपट, एक नग.' पुन्हा परत : वस्तू मालकीची असल्याचा पुरावा जोडावा. इथे मी अडकलो. ती माझ्या मालकीची नव्हती, हाच तर सगळा घोटाळा. तसं खरं खरं लिहून दिलं, तर कुंडलिकरावांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सर, मग ज्यांची आहे त्यांचं संमतिपत्र आणा."

पंचवीस तारखेच्या सभेला गणपूर्ती झाली नाही. सत्तावीसला मी ठराव-बिराव सोडला आणि जुन्नरची गाडी धरली.

बांधणीवाल्या पोपटरावांचं दुकान एका बोळात होतं. सहाही भाग लाल कापडात बांधून तयार, दाबाखाली ठेवलेले. मी सालपटाचं विचारलं, तर ते मोकळेपणानं हसले.

"ते व्हय! लई झ्याक ढवळनं गावलं मला." त्यांनी खळीच्या डब्यातून ते काढून दाखवलं. पांढरंशुभ्र लडबडलेलं. "पर सर, एक इचारू का? ही खळ तिसऱ्या दिवशी आंबती. आज पंधरा दिस झालं, आंबली न्हाई. आनि राती दुकान बंद करताना मी गुनगुनतो ना, तर हे डब्यात हलल्यावानी व्हतं. आमची मंडळी म्हनती, टाका ते. मी म्हनलं, चांगलं ढवळनं कशाला टाकायचं?"

बदल्यात मी माझी स्टीलची फूटपट्टी दिली. एसटीत सालपट मांडीवर रुमालात घेऊन बसलो. शेजारचा माणूस नारायणगावपर्यंत तीनदा म्हणाला, "पावणं, काय म्हनलात?" मी काहीच म्हटलं नव्हतं.

अठ्ठावीसला कोंडाबाईंकडे गेलो. घर रिकामं झालेलं, बोचकी बांधलेली, भिंतीवर तेवढी बाबासाहेबांची तसबीर राहिलेली. मी सालपट दाखवलं.

"उद्या आहुप्याला जाऊन ठेवून येतो. मग संध्याकाळी निवांत शेवटचं प्रकरण."

"उद्या सांच्याला प्रबुद्ध टेंपो घिऊन येनार. मी बी येते तुमच्यासंगं. तितंच वाचा."

"तिथे? राईत? बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आमी देव-भूत मानत न्हाई, सर. छप्पनला आमच्या बानं सगळं नदीला सोडलं. पन ज्याची वस्तू त्याला द्यावी, ही माणुसकी हाय. आनि त्या बिचाऱ्यानं बारा परकरनं ऐकल्याती. शेवटचं न ऐकवता सोडून येनार तुमी त्याला? तुमाला सात वरीस कसं वाटत व्हतं?"

तीन वर्षं व्याख्यानं देणारा मी एका सालपटाला घाबरत होतो आणि या बाईला त्याची दया येत होती.

एकोणतीसला किरकोळ रजा टाकून पहिल्या गाडीनं निघालो. डिंभ्याच्या पुढे धुकं लागलं, आहुप्याला उतरलो तेव्हा स्वतःचे पाय दिसत नव्हते. जानकूला गाठून सांगितलं. मला वाटलं ओरडेल. त्यानं सालपट हातात घेतलं, हुंगलं आणि एवढंच म्हणाला, "खळीचा वास कसा काय, सर?" मी सगळं सांगितलं, तर राईच्या तोंडाशी येईपर्यंत तो हसू दाबत तोंडावर हात धरून होता. आत मात्र आला नाही. त्यानं सांगितलं, उचललं तिथंच ठेवा.

कुठून उचललं ते मला कुठे आठवत होतं! सगळी खोडं सारखी, काळी, ओली. धुक्यात दोन पावलांपलीकडचं झाडसुद्धा माणूस उभा असल्यासारखं दिसायचं. आम्ही बोलत होतो, पण आपलाच आवाज कापडात गुंडाळल्यासारखा येत होता. शेवटी एका खोडापाशी माझ्या हातातलं सालपट ओलसर गरम झालं. मला शपथेवर सांगायला लावू नका. तिथे पाचोळ्यावर ते ठेवलं. कोंडाबाई पदर सावरून मुळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चला. वाचा."

मी तेरावं प्रकरण उघडलं. आवाज कापत होता. पहिलं वाक्य झालं.

"हं," कोंडाबाई म्हणाल्या.

बराच वेळ काही नाही. मग आतून, लांबून, धुक्याच्या तळाशी, "हं."

कानात आला नाही. आपल्या घरी गेल्यासारखा आला. माझी भीती गेली असं म्हणत नाही, पण वाचता यायला लागलं. पंचवीस पानं वाचली. तमालिकेनं पाय खाली ठेवला. ती बाहेर आली, तिची वाचा परत आली, आणि तिनं मागे वळून भावाच्या नावानं हाक मारली. अरण्यातून 'ओ' आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिथून आवाज परत आला होता. पण भाऊ येऊ शकत नव्हता, आणि तिला आत जाता येत नव्हतं. ती रोज कडेला येऊन त्याच्याशी बोलत बसते, आणि तो 'ओ' देतो. संपलं.

कोंडाबाई घळाघळा रडत होत्या. मीही चष्मा पुसत होतो. शेवटच्या वाक्याचा बाईंचा 'हं' राहूनच गेला.

तेवढ्यात झाडांतून, अगदी स्पष्ट आलं, "मग?"

कोंडाबाईंनी नाक पुसलं, आवाजाच्या दिशेला तोंड केलं आणि वाचनालय बंद करताना उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्यांना सांगायच्या त्याच सुरात सांगितलं, "मग काय न्हाई. संपली. जा आता घरला."

त्यावर एक 'हं' आला. इतका हिरमुसलेला 'हं' मी जन्मात ऐकला नव्हता. तो मी नीट ओळखला, कारण सात वर्षं मी तोच उसासा टाकत होतो.

परतीच्या गाडीत बाईंनी विचारलं, "आठवा भाग कवा यायचा?"

"नाही येणार. लेखकानं संपवलीय."

"मग तुमी लिवा. ती पोरगी रोज येऊन काय बोलते, तेवढं लिवा. आनि त्याला वाचून दावा." दुसऱ्या दिवशी त्या पिंपरीला गेल्या.

वाचनालयात सात वाजता कुणी खिडक्या लावत नाही आता. नवा माणूस आठला धाडकन सगळं बंद करतो. मी घरी दोनशेपानी वही घेऊन बसलो. लिहायचो, मोठ्यानं वाचायचो, सवयीनं थांबायचो. काहीच यायचं नाही. भुताटकीच्या दिवसांपेक्षा मला ती शांतता जास्त खायला उठायची.

संक्रांतीनंतर प्रबुद्धच्या अक्षरात कार्ड आलं. 'आई बरी आहे. आठवा भाग कुठवर आला विचारते. आहुप्याला जाऊन वाचा म्हणते. आणि म्हणते, मी नाही तर माझ्या वाटणीचा हं त्यालाच म्हणायला सांगा.'

त्या रविवारी गेलो. ऊन होतं, राई तशीच काळी. त्याच मुळीवर बसलो. आधी निरोप सांगितला. झाडांना निरोप सांगताना विज्ञानाच्या शिक्षकाचं तोंड कसं होतं ते जानकूला लांबून दिसत होतं. मग वही उघडली आणि पहिलं वाक्य वाचलं.

आतून तो ओळखीचा, बारीक, ओला 'हं' आला. मी पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं, तर थोडं थांबून, घसा साफ करून, जमेल तेवढा खणखणीत करून, त्यानं आणखी एकदा 'हं' म्हटलं.